बोरीच्या पाटलाची गुडगुडी आणि आमच्या मोटारीचा वायपर

प्रवासाचे ब्लॉग मी ह्या वयातही नेमाने वाचते. कुणी मोटारसायकलवरून लडाखला जातं, कुणी पाठीवर बोचकं घेऊन हिमालय चढतं आणि खाली लिहितं, 'आयुष्यातला सर्वांत खडतर प्रवास'. मी वाचते, हसते आणि चहाचा कप तोंडाला लावते. माझा सर्वांत खडतर प्रवास परभणी ते चारठाणा एवढाच होता. आज सकाळच्या एसटीने निघालात तर चारठाण्याची जुनी देवळं बघून संध्याकाळच्या चहाला तुम्ही घरी परत याल. आम्हाला नुसतं पोचायला अख्खा दिवस लागला, आणि मधे एक लग्न मोडता मोडता राहिलं. तुम्ही पावसाळ्यात त्या वाटेला जाणार असाल तर हे वाचून जा. निदान वायपर तरी तपासून घ्याल.

मोठी लढाई, म्हणजे दुसरं महायुद्ध, संपून वर्ष झालं होतं. परभणीवर निजामाचं राज्य होतं, कोर्टात उर्दू चालत होती, बाजारात हाली रुपया चालत होता आणि मी सतरा वर्षांची करवली होते. लग्न माझ्या दादाचं. दादा शाळेत शास्त्र शिकवायचा. चारठाण्याची इंदू त्याने एकदाच बघितली आणि तेव्हापासून तो वर्गात तोच धडा पुन्हा पुन्हा शिकवायला लागला होता. लग्न आधी तीनदा पुढे गेलेलं. एकदा त्यांच्याकडे सुतक, एकदा आमच्याकडे सुतक, आणि तिसऱ्यांदा तर ऐन पंचविशीत दादालाच गोवर निघाला! इंदूचे आजोबा, त्यांना सगळे आप्पा म्हणत, शेवटी वैतागले. चातुर्मास लागायच्या आधी एकच मुहूर्त उरला होता, तोही गोरज. आप्पांनी निरोप धाडला, 'गाई गोठ्यात शिरायच्या आत नवरदेव मांडवात पायजे. न्हाई आला तर तुळशीच्या लग्नानंतर आमी दुसरं स्थळ बगायला मोकळे. आन् पोरगा तंबाखू वढणारा नसावा, हे पुन्हा एकदा सांगून ठेवतो.'

तंबाखूची आम्हाला काळजी नव्हती. दादा सुपारीसुद्धा खात नसे. काळजी होती ती पावसाची. आठ दिवस आभाळ फाटल्यासारखं कोसळत होतं. आई-वडील आणि सगळं वऱ्हाड आदल्या दिवशीच, दादाला हळद लागली तसं, बैलगाड्यांतून पुढे गेलं. नवरदेवाने मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीतून यायचं ठरलं, कारण आमचे वकीलकाका हट्टाला पेटले होते. परभणीत मोटार असणाऱ्या मोजक्या लोकांत काका एक. पेट्रोल कुपनावर मिळायचं. ह्या एका प्रवासासाठी काका महिनाभर कोर्टात पायी गेले होते आणि वाटेत भेटेल त्याला ते सांगत होते. तर मोटारीत आम्ही चौघं: काका चालवायला, शेजारी दादा, मागे गंगाआत्या आणि मी. दादाच्या हातात लिंबू टोचलेली कट्यार, माझ्या मांडीवर पाण्याने भरलेला करा, आणि आत्याच्या मांडीवर दादाचं बाशिंग असलेली टोपली. आत्याने निघताना बजावलं, "सुमे, कऱ्यातलं पानी सांडलं तर बग."

गंगाआत्या म्हणजे वडलांची थोरली बहीण. घरातला कुठलाही विधी तिच्याशिवाय पुरा होत नसे, आणि ज्या गोष्टीला विधी नाही तिला ती स्वतः शोधून काढायची. तिच्या काळी नवरदेव घोड्यावर यायचा आणि घोड्यालाही हळद लागायची. आता घोड्याच्या जागी मोटार आली म्हटल्यावर तिने आदल्या दिवशी मोटारीलाही उष्टी हळद लावली. तेलात कालवलेली. पुढच्या दिव्यांना मुंडावळ्या बांधल्या. आणि कांकण? आमच्याकडे हळदीच्या वेळी नवरदेवाच्या मनगटाला पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधतात, ते लग्न लागल्यावरच सोडायचं असतं. मोटारीचं मनगट कुठलं, ह्यावर आत्याने बराच विचार केला असावा.

झरी येईपर्यंत पावसाने आमच्यावर मेहेरबानी केली. रस्ता खडीचा होता, खड्डे होते, पण गाडी पळत होती. झरीला थांबून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. टपरीवर चहा घेतला, तो आज मिळतो त्याहून निम्मा आणि दुप्पट गोड. झरी सोडली आणि आभाळ उघडलं. काकांनी वायपरची कळ फिरवली. वायपर हलला नाही. त्यांनी ती पुन्हा फिरवली, मग उलटी फिरवली, मग तिला उर्दूत दोन शब्द सुनावले. तोवर काचेवरची तेलातली हळद पावसात कालवली गेली होती आणि समोरचा सगळा मुलूख पिवळा झाला होता.

"काका, काच वर उचलू का?" दादाने विचारलं. त्या काळच्या गाड्यांची समोरची काच खालून उघडायची सोय असे.

"बाशिंग कागदाचं हाय!" मागून आत्या ओरडली. "लगदा व्हील त्याचा!"

मग काकांनी बाजूच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून गाडी हाकायला सुरुवात केली. एका डोळ्याने रस्ता, दुसऱ्यात पाऊस. दोनदा आम्ही शेतात उतरलो, एकदा एका म्हशीची माफी मागितली. असं करत बोरी आली आणि काकांनी चावडीसमोरच्या कडुलिंबाखाली गाडी उभी केली. त्यांच्या टोपीतून पाणी निथळत होतं.

चावडीच्या ओट्यावर गावचे पाटील, किशनराव, घोंगडी पांघरून गुडगुडी ओढत बसले होते. नवरदेव, करवली आणि पिवळी मोटार एकदम बघायला मिळाल्यावर ते उठून जवळ आले, गुडगुडीसकट. एक हात तिच्या नारळाच्या भांड्याखाली, दुसऱ्या हातात लांबलचक नळी, तोंडातून धूर.

"काय झालं वकीलसाहेब?"

"गवाह फितूर झालाय," काका म्हणाले. "आता त्याची जिरह घेतो."

काकांची मोटार दुरुस्त करायची एक रीत होती. ते प्रत्येक पुर्ज्याची साक्ष काढत, उलटतपासणी घेत. खोटं कोण बोलतंय ते ठरवल्याशिवाय पान्याला हात लावत नसत. त्यांनी वायपरसमोर उभं राहून घसा साफ केला.

"कळ फिरते का? फिरते. म्हणजे कळ निर्दोष. वायपरचा हात मोडलाय का? नाही. मग हा हलत का नाही?" त्यांनी हाताने वायपर ओढून पाहिला. तो जागचा हलेना. काका खाली वाकले आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. "ताई, हे काय बांधलंयस?"

वायपरच्या दांड्याला पिवळ्या दोऱ्याने हळकुंड बांधलं होतं, आणि दोऱ्याचं दुसरं टोक घट्ट सात गाठी मारून बाहेरच्या भोंग्याला.

"कांकण," आत्या म्हणाली.

"वायपरला?"

"मोटारीला हात हाय का न्हाई? त्यो एकच तर हलतोय. हात हाय तर मनगट हाय, मनगट हाय तर कांकण पायजे. आन् भोंग्याला बांधलं म्हंजे वाटंत पडणार न्हाई."

दादाने कट्यार पुढे केली. आत्याने त्याचा हात धरला. "खबरदार! लगीन लागल्याबिगर कांकण सुटत न्हाई आन् तुटत तर मुळीच न्हाई. नवरदेव हायेस, कळतं का तुला?"

पुढचा वाद मी कधी विसरणार नाही. भर पावसात, लिंबाखाली, आमचे वकीलकाका आपल्या बहिणीशी कायद्याने भांडले. कांकण हे संकल्प सोडलेल्या व्यक्तीला बांधलं जातं, मोटारीने संकल्प सोडलेला नाही, मोटारीला गोत्र नाही, सबब हे कांकण बेकायदा आहे.

"गोत्र कामून न्हाई?" आत्या म्हणाली. "मोटार तुजी हाय, म्हंजे गोत्र तुजंच की."

काकांनी टोपी काढून पिळली. पाटील मान डोलवत म्हणाले, "बाईंचा मुद्दा लय पक्का हाय."

वाट शेवटी दादाने काढली. कांकण सोडायचं नाही, तोडायचं नाही. पण मनगटच कांकणातून काढून घेतलं तर? वायपरचा दांडा एका लहानशा मळसूत्रावर बसवलेला असतो. काकांनी तो पान्याने सैल केला, दांडा दोऱ्याच्या फासातून अलगद मागे ओढला, आणि कांकण गाठींसकट भोंग्यावर लटकत राहिलं. आत्याने गाठी मोजल्या, हरकत नाही म्हणाली. दांडा परत बसवला. काकांनी इंजिन चालू केलं, कळ फिरवली.

वायपर ढिम्म.

आता काकांचा चेहरा खरोखर पडला. दादाने आभाळाकडे बघितलं. जिंतूर अजून पुढे होतं, चारठाणा त्याच्याही पुढे, आणि दुपार कलायला लागली होती. त्याने कट्यारीवरचं लिंबू एवढं घट्ट धरलं होतं की त्याच्या बोटांवरून रस गळत होता. मला पहिल्यांदाच भीती वाटली. ह्या माणसाने चार महिने इंदूचं नावसुद्धा मोठ्याने घेतलं नव्हतं, आणि आता एका हातभर लोखंडापायी ती दुसऱ्या कुणाच्या घरी जाणार होती.

इथे वाचकांसाठी थोडं शास्त्र, दादाने आम्हाला तिथेच शिकवलं तसं. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांचा वायपर विजेवर चालत नसे. इंजिन आत हवा ओढतं, त्या ओढीवर चालत असे. इंजिनापासून वायपरच्या डबीपर्यंत एक रबरी नळी असते. इंजिनाने ओढलं की डबीतला पडदा इकडून तिकडे जातो आणि त्याच्याबरोबर वायपर.

"म्हणजे डबी चांगली आहे की वाईट ते सोप्पं आहे," दादा म्हणाला. "इंजिनाऐवजी मी ओढून बघतो."

त्याने डबीपाशी नळी सोडवली, डबीचं टोक तोंडात धरलं आणि गाल आत ओढले. वायपर टुणकन उजवीकडे गेला. दादाने श्वास घेतला, पुन्हा ओढलं, वायपर डावीकडे आला. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव मोटारीला तोंड लावून ओढतोय हे बघायला एव्हाना अर्धी बोरी जमली होती. एका म्हातारीने विचारलं, "हे असं तुमच्याकडं रीतीत हाय का?"

"डबी बाइज्जत बरी, म्हणजे निर्दोष," काकांनी फैसला दिला. "आता नळीला हाजिर करा."

बॉनेट उघडलं. इंजिन चालू असताना आतून 'फुस्स' असा बारीक आवाज येत होता. आत्याने आवाजाच्या रोखाने बोट नेलं आणि नळीवर दाबलं, तर आवाज बंद झाला आणि नळीच्या दुसऱ्या टोकावर दादाने धरलेला अंगठा आत ओढला जायला लागला. चोर सापडला. इंजिनाच्या उष्णतेने रबर शेकून त्याला भेगा पडल्या होत्या. इंजिन आपली हवा तिथूनच ओढत होतं, वायपरपर्यंत ओढ पोचतच नव्हती. काकांनी चिंधी गुंडाळली, तर नळीचा तुकडाच हातात आला. दुसरी चिंधी, दुसरा तुकडा. थोड्या वेळाने हातात नुसते तुकडेच होते.

लढाईपायी रबर औषधालाही मिळत नव्हतं. बोरीत सायकल एकच, तीही पटवाऱ्याची, आणि तिची नळी आमच्या डबीला ढगळ झाली असती. आत्या म्हणाली, "तुकडे जुळवून मी बोटं लावून बसते की चारठाण्यापतूर." बॉनेटवर बसलेली आत्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली.

तेवढ्यात पाटलांची गुडगुडी गुरगुरली. दादाची मान वळली. त्याने पाटलांच्या तोंडाकडे बघितलं, नळीकडे बघितलं, खालच्या भांड्यातले बुडबुडे कान देऊन ऐकले. शास्त्राच्या मास्तरच्या डोळ्यांत उजेड पडलेला मी बघितलाय.

"पाटीलबुवा, ही नळी हवा धरते का?"

"धरती म्हंजे? हवा सुटली तर धूर येणार कसा? वरून कापड हाय, आत कातडं. ओली ठिवली की थेंबभर हवा जात न्हाई."

"आम्हाला चारठाण्यापर्यंत द्याल?"

पाटलांनी नळी छातीशी धरली. त्यांच्या वडलांपासूनची ती. मग त्यांनी दादाच्या मुंडावळ्यांकडे बघितलं, मोटारीच्या मुंडावळ्यांकडे बघितलं आणि सुस्कारा टाकला. "पोराच्या लग्नाचा सवाल हाय म्हणून देतो. पर एक सांगतो. जितं नळी तितं मी."

अशा रीतीने आमच्या वऱ्हाडात एक पाटील वाढले. नळी घट्ट बसावी म्हणून दादाने कट्यारीने तिच्या टोकांवरचं कापड सोललं, लिंबू न काढता, कारण आत्या बघत होती. एक टोक इंजिनाला, दुसरं डबीला, वर चिंध्यांच्या पट्ट्या आणि नळीवर तांब्याभर पावसाचं पाणी. काकांनी कळ फिरवली. वायपर एकदा थरथरला आणि मग असा सपासप चालायला लागला की बोरीकरांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवणार होते, पण मांडीवर करा होता.

तुम्ही कधी अशा गाडीत बसलात तर एक लक्षात ठेवा. इंजिनावर जोर पडला की वायपरसाठी ओढ उरत नाही. सपाटीला तो बरा चालतो, उताराला वेड्यासारखा चालतो, आणि चढाला झोपतो. जिंतूरच्या बाजूला टेकड्या आहेत. चढण लागली की वायपर थांबायचा आणि काच पिवळी व्हायची. मग काका पेट्रोलवरचा पाय काढायचे, वायपर दोन हात मारायचा, रस्ता दिसायचा, आणि तेवढ्यात गाडी मागे सरकायला लागायची. म्हणजे दिसतं तेव्हा गाडी चालत नाही आणि चालते तेव्हा दिसत नाही. मागे आम्ही तिघं शेजारी शेजारी, आत्याच्या मांडीवर बाशिंग, माझ्या मांडीवर करा, पाटलांच्या मांडीवर नळी काढलेली गुडगुडी. तिघंही एका लयीत पुढे-मागे. दर थोड्या वेळाने पाटील ओरडायचे, "वकीलसाहेब, नळी सुकायलीय!" की आम्ही थांबायचो, दादा उतरून बॉनेट उघडायचा, नळी भिजवायचा, आणि ओढ येते की नाही हे बघायला दरवेळी टोक तोंडात धरून एकदा ओढायचा. त्या नळीत पाटलांच्या दोन पिढ्यांचा तंबाखू बसलेला होता. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही, कारण एव्हाना इंजिनाच्या धुरालाही तोच वास येत होता आणि आमच्या नाकांना सवय झाली होती.

जिंतूरला थांबलो नाही. तिथली कांदाभजी चांगली असतात म्हणे, तुम्ही थांबा. आम्ही चारठाण्याच्या शिवारात पोचलो तेव्हा पाऊस उघडला होता आणि समोर गाई होत्या. चारठाण्याच्या सगळ्या गाई, रानातून घरी निघालेल्या, रस्ताभर पसरून, सावकाश. आमचा मुहूर्त आमच्या पुढे चालत होता आणि आम्हाला त्याच्या पुढे जाता येत नव्हतं. काकांनी भोंगा दाबला. भोंग्यावर कांकण होतं, तो घशात हळकुंड अडकल्यासारखा वाजला. शेवटी पाटील उतरले, घोंगडी फिरवत गाईंच्या मधून धावले आणि त्यांनी वाट केली. वेशीजवळच्या मारुतीपाशी आम्ही पहिल्या गाईच्या जेमतेम शेपटीइतके आधी पोचलो.

वेशीत आमचं वऱ्हाड, त्यांचे पाहुणे, वाजंत्री, सगळे ताटकळत उभे. आईच्या डोळ्यांत पाणी. दादा उतरला, आत्याने घाईघाईने त्याला बाशिंग बांधलं. आप्पा पुढे आले, उंच, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी दादाला कवेत घ्यायला हात पसरले आणि तसेच थांबले. नाकपुड्या फुगल्या. त्यांनी दादाच्या ओठांकडे बघितलं. ओठ काळे कुळकुळीत होते.

"पोरगं वढतंय," आप्पा म्हणाले.

वाजंत्री बंद पडली.

"नाही हो आप्पा, ती नळी... मोटारीचा वायपर..." दादाला धड बोलता येईना.

काकांनी सूत्रं हाती घेतली. पण खरं सांगू? खरी गोष्ट कधी कधी एवढी खोटी वाटते की वकिलालासुद्धा ती मांडता येत नाही. मोटारीची काच पुसली जात नव्हती म्हणून नवरदेवाने दिवसभर गुडगुडीची नळी ओढली, हे ऐकल्यावर पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. पाटील मदतीला धावले. "खरं हाय आप्पा! नळी माजीच हाय. लय जुनी हाय. पोरानं बोरीपून हितवर सारखी तोंडाला लावली, सारखी!"

आप्पांचा चेहरा दगडासारखा झाला. "वऱ्हाडाला जेवाय घाला आन् वाटेला लावा," ते म्हणाले आणि वळले.

दादा तसाच उभा. त्याने कट्यार खाली केली होती. आयुष्यात मी त्याला रडताना पाहिलं नाही, पण त्या वेळी तो रडला असता तर मला नवल वाटलं नसतं. मला तर आलंच रडू. मी करा घट्ट धरला आणि हुंदके दिले.

तेव्हा गंगाआत्या पुढे झाली. पदर खोचून. "थांबा आप्पा. शबदावर नका जाऊ. पारख करा. जो वढायला सरावलेला असतो त्याला ठसका लागत न्हाई. बसवा नळी गुडगुडीला आन् द्या पोराला एक झुरका. खोकला न्हाई तर आमी आल्या पावली जातो."

आप्पा थांबले. गर्दीतल्या ओढणाऱ्या सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्या बाबतीत त्यांना अधिकार होता. पाटलांनी नळी मोटारीतून काढून गुडगुडीवर चढवली, आचाऱ्याच्या चुलीतला निखारा आणला, आणि तंबाखू आपल्या चंचीतला, जरा जास्तच भरला. सगळं गाव गोल करून उभं. दादाने नळी तोंडात घेतली आणि दिवसभराच्या सवयीने, वायपर हलवायचाय असं समजून, पोटापासून ओढली.

तसा ठसका मी पुन्हा ऐकला नाही. आधी त्याचे डोळे बाहेर आले. मग आवाज आला, आणि आवाजाबरोबर बाशिंग नाकावर. पुढच्या ठसक्याला कट्यारीवरचं लिंबू उडून वाजंत्रीवाल्याच्या सनईवर आदळलं. दादा वाकला, सरळ झाला, पुन्हा वाकला, मारुतीच्या पायरीला धरून खोकला, मोटारीला धरून खोकला, शेवटी आप्पांनाच धरून खोकला. आणि शेजारच्या वाड्याच्या गवाक्षातून खळखळून हसण्याचा आवाज आला. मुलीचा. थांबवायचा प्रयत्न केला की जास्तच फुटतं, तसं हसणं.

आप्पा दादाच्या पाठीवर थापट्या मारत होते. "खोकतंय की! अरे, कसं खोकतंय बगा! ह्यानं जल्मात वढली न्हाई!" त्यांना एवढा आनंद झाला होता की त्यांनी दादाला उचलूनच घेतलं. "काय बगायलाव? वाजवा! लगीन लावा!"

शेवटची गाय गोठ्यात शिरली आणि अक्षता पडल्या. मंगलाष्टकांच्या मधे मधे नवरदेव खोकत होता. काका मला हळूच म्हणाले, "इतकी वर्षं कोर्टात गेली सुमे, पण असा गवाह मला एकदाही मिळाला नाही."

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. चारठाण्याला गेलात तर सकाळी लवकर देवळं बघा. कोरीव खांब आहेत, शेताच्या मधे उभा एक उंच दगडी स्तंभ आहे, आणि पायऱ्यांची बारव आहे, तिथे भर उन्हाळ्यातही गारवा असतो. जेवणात बुंदी, कढी आणि वांग्याची भाजी होती. पाटलांनी तिन्ही पुन्हा पुन्हा मागून घेतल्या. दादाचं कांकण सोडलं तसं आत्याने वहिनीला मोटारीचंही सोडायला लावलं, रीतीप्रमाणे एका हाताने. सात गाठी! तेवढ्यात काकांनी दुसऱ्यांदा आंघोळ करून घेतली. परतीच्या वाटेवर बोरीला पाटील उतरले, नळी घेऊन. "गुळचट लागायलीय आता," त्यांनी एक झुरका घेऊन तक्रार केली, "पेट्रोलावानी." झरीच्या अलीकडे पुन्हा पाऊस आला. वायपरला ओढायला काही नव्हतं. मग आम्ही एका आंब्याखाली गाडी लावून तो थांबायची वाट बघत बसलो. त्या दिवशी कुणालाच घाई नव्हती.

घरी आल्यावर काय उरलं? मोटारीला पुढचा पावसाळा येईपर्यंत तंबाखूचा वास होता. नवी रबरी नळी हैदराबादहून आली तेव्हा काकांनी तिला हार घातला. आणि मला एक मैत्रीण मिळाली. वहिनी माझ्याच वयाची, दिवसभर हसायची. एकदा श्रावणात आम्ही दोघी ओसरीवर मटकी निवडत बसलो होतो. पाऊस पडत होता. अंगणात दादा उगाचच मोटारीची काच पुसत होता. मी म्हटलं, "वहिनी, त्या दिवशी केवढा पाऊस होता ना? थोडक्यात वाचलो."

ती खाली मान घालून निवडत राहिली. मग हळूच म्हणाली, "वन्सं, कुनाला सांगू नका. त्यो पाऊस म्या मागितला हुता."

मी मटकीचं ताट बाजूला ठेवलं.

"बगायला आले तवा हे असे बसले हुते, जसं कुनी आनून ठिवलंय. हसनं न्हाई, बोलनं न्हाई. म्या म्हनलं, ह्या मानसासंगं जल्म कसा जायचा? आदल्या दिवशी बारवंपाशी जाऊन देवाला म्हनलं, उद्या असा पाऊस पाड की ह्यांच्या मोटारीला वाट दिसू नये." तिने अंगणात बघितलं. दादाची काच पुसून झाली होती आणि आता तो ती पावसात पुन्हा भिजताना बघत उभा होता. तिच्या ओठांवर हसू आलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्ही तिने तसंच राहू दिलं.

"देवानं पाडला की. समदा पाडला. तरीबी आला ह्यो मानूस, गावोगावची नळी वढत. आता अशाला न्हाई कसं म्हनू?"